अर्धा सेकंद आधी

४ नोव्हेंबर, पहाटे ५.२०
पोलिसांच्या वार्षिक घोडदळ प्रात्यक्षिकात यंदा पुढची जागा मला मिळाली. सोळा घोडे, सगळ्यात पुढे मी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. उस्ताद म्हणाले, तबेल्यातला सतरा नंबरचा घोडा घे, त्याला सगळं तोंडपाठ आहे, तू नुसता बसून राहा. आनंद व्हायला हवा होता. चहा घेतला. मुलीला फोन केला, येते म्हणाली. तिने मला घोड्यावर कधी पाहिलेलंच नाही.
संकल्प : वजन चार किलो कमी.

६ नोव्हेंबर
सतरा नंबरमध्ये दोष सापडला. बँडची धून बदलली की माझ्या इशाऱ्याची वाट न बघता वळतो. अर्धा सेकंद आधी. उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, तो आधी नाही, तू उशिरा. उस्तादांचंही वय झालं आता.
संकल्प : पंधरा दिवसांत घोडा सरळ.

९ नोव्हेंबर
ट्रेनिंग सुरू. इशाऱ्यासाठी थांबला तर गाजर. थांबला नाही. उरलेली गाजरं मी खाल्ली, वाया कशाला घालवायची. खरारा करणारा मोतद्दार म्हणाला, ट्रेनिंग नक्की कोणाचं चाललंय. लक्ष दिलं नाही.
वजन : एक किलो जास्त.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
स्वयंपाकघरात सराव. डावं, उजवं, मग कात्री, म्हणजे दोन रांगा एकमेकींतून आरपार. कात्रीत हिच्या हातातलं पातेलं सांडलं. ही म्हणाली, अहो, सोळा घोड्यांना जमतं, तुमचंच घोडं कुठे अडतंय?
फरशी पुसली.

१९ नोव्हेंबर
रंगीत तालीम. अकरा वळणं, अकराही वेळा तो आधी. मग उपाय सुचला. डोक्यात कायम एक वळण पुढचं ठेवायचं. मग कसा पुढे जातो बघू. उस्तादांना सांगितलं नाही. घोडामैदान जवळच आहे.

२२ नोव्हेंबर, हॉस्पिटल
काल प्रात्यक्षिक झालं. धून बदलली. मी डावीकडे गेलो. सतरा नंबर उजवीकडे गेला.
पुढचं मी जमिनीवरून पाहिलं. त्याने एकही वळण चुकवलं नाही. बाकीचे पंधरा मुकाट त्याच्यामागे. कात्री सुरेख झाली. शेवटी पुढचा पाय वाकवून त्याने साहेबांना सलामी दिली, रिकाम्या खोगिरासकट. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.
खांद्याचं हाड मोडलंय. फारसं दुखत नाही.
मुलगी आली होती. तिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पहिले बारा सेकंद मी आहे. मग कॅमेरा घोड्याबरोबर उजवीकडे जातो, तो परत येत नाही. वाईट वाटलं. थोडं.
वजन घेतलं नाही.

९ डिसेंबर
साहेबांना रिकामं खोगीर फार आवडलं. यापुढे दरवर्षी तसंच. माझी नवी ड्यूटी : सतरा नंबरला मैदानाच्या तोंडाशी आणायचं, बँड सुरू झाला की लगाम सोडायचा. उस्ताद म्हणाले, एवढं जमेल ना. जबाबदारीचं काम आहे. टायमिंग सगळं माझ्या हातात.
मुलीला कळवलं. बरं म्हणाली.

१६ डिसेंबर
पहिली तालीम. एक हात गळ्यात, दुसऱ्यात लगाम. बँड सुरू झाला.
मी सोडायच्या आधीच तो गेला.