शिशाच्या चादरीखाली

दादा, आतलं दार बंद झालंय आणि वरचा लाल दिवा लागलाय. तुमचा नातू, माझा मुलगा, आत टेबलावर आहे. तुम्हाला झाला तोच आजार त्याला झालाय, प्रोस्टेटचा कॅन्सर. तुमच्या वेळी कुणी हे नाव घेतलं नाही, लघवीच्या पिशवीखाली गाठ आहे, एवढंच म्हणायचे. आत नेण्याआधी त्याला पोटभर पाणी प्यायला लावलं. पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात, किरणांच्या शेकापासून लांब राहतात, असं इथल्या सिस्टरनं समजावलं. मला बाकावर बसवेना. उठले, दारापर्यंत गेले, परत आले. लोक बघायला लागले, म्हणून मान खाली घालून हे लिहायला घेतलं.

तुम्हालाही बसणं कधी जमलं नाही. परभणीच्या जिनिंगमध्ये तुम्ही फिटर होतात. सरकी काढायची यंत्रं दिवसभर धडधडायची आणि तुम्ही एका यंत्रावरून दुसऱ्याकडं फिरत राहायचात. भाकरीसुद्धा उभ्यानं खायचात. मी लहानपणी एकदा फिरत्या पट्ट्याकडं हात नेला, तेव्हा तुम्ही सणसणीत थोबाडीत दिलीत, आणि मग संध्याकाळपर्यंत माझं मनगट धरूनच फिरत राहिलात. अशा माणसाला हैदराबादच्या दवाखान्यात टेबलावर निपचित पडायला सांगितलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आई जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ मला नव्हता, म्हणून पालमहून, सासरहून, मीच तुमच्याबरोबर आले. डॉक्टर तुमच्या आजाराचं सांगू लागले तसं तुम्ही मला म्हणालात, "तू भाईर जा." मी गेले नाही. तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत. डॉक्टर सांगत होते, विजेचा शेक आज पुढून, उद्या मागून, परवा बाजूनं द्यायचा, म्हणजे गाठीला तो रोज पोचेल पण वाटेतली कुठलीच जागा फार भाजणार नाही. भोवतीनं शिशाची जड चादर टाकायची. "हिलो नक्को चचा," ते म्हणाले. "गाँठ के बाजूच में आँत है, पेशाब की थैली है. हिले तो वो जल जाते."

पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी मी बाहेर उभी आहे आणि आतून धप्पकन आवाज येतो. तुम्ही मधेच उठून बसलात, चादर खाली पडली. डॉक्टर यंत्र बंद करून ओरडायला लागले, असं करणार असाल तर मी हात लावणार नाही म्हणाले. तुम्ही धोतर सावरत निघालात. आपण उतरलो होतो त्या धर्मशाळेत मी पोचले तर तुम्ही गाठोडं बांधत होतात.

"कुठं निघालात?"

"गावाकडं. गाडी हाय आत्ता."

"दादा, झालं काय?"

तुम्ही गाठोड्याची गाठ सोडलीत, पुन्हा बांधलीत. "मला धरवत न्हाई गं. त्या टेबलावर झाली तर? ती नर्स समोर उभी ऱ्हाती."

"लघवी झाली तर झाली. मी धुईन."

"लेकीनं बापाला असलं बोलू न्हाई!" केवढ्यांदा ओरडलात. शेजारचे यात्रेकरू बघायला लागले.

मलाही रडू फुटलं होतं. मी म्हणाले, "आई अंथरुणाला खिळली तवा तिचं समदं कुणी केलं? तुमीच ना? तवा लाज वाटली न्हाई, मग मला कशापायी वाटावी?"

तुम्ही खाली बसलात. मी पहिल्यांदा तुम्हाला असं बसलेलं बघितलं. मग म्हणालात, "लाजंचं न्हाई नुसतं. भ्या वाटायलंय मला."

दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो. नर्सनं तुमच्याखाली जुन्या चादरीची घडी ठेवली. शेकाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही हललात नाही. कातडी काळवंडली, लघवीला आग व्हायची, पण आतडं शाबूत राहिलं. निजामाचं राज्य गेलं त्या साली तुम्ही ठेचाभाकरी खात होतात, तीही उभ्यानं. गाठ कमरेच्या हाडात उतरली आणि तुम्हाला घेऊन गेली ती नंतर.

काल रात्री तुमच्या नातवानं विचारलं, "आजोबा भ्याले होते का गं?" मी पटकन म्हणाले, "छे! यंत्रात जन्म काढलेला माणूस, तो कशाला भितोय?" तो हसला, मग कूस बदलून पडून राहिला. झोपला नाही, मला कळत होतं. आज आत जाताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दिवा विझेल आता. तुमचं भ्या मी आजवर कुणाला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. ते त्याला सांगू का, एवढंच विचारायचं होतं.