एप्रनच्या खिशातल्या गोळ्या

बाबा,

तुमचा दुकानातला एप्रन धुवायला घेतला, तर खिशात अंगदुखीच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. नावं वेगळी, पण आतलं औषध एकच! म्हणजे खांद्यासाठी दुप्पट गोळ्या चालल्यात, त्याही नुसत्या चहावर. वर रक्त पातळ करायची गोळी आहेच. सकाळी संडासला काळं झालं, तर ‘गिऱ्हाइकाचा कलप पोटात गेला’ म्हणून हसलात. अहो, ते पोटातलं रक्त असू शकतं.

फोन केला, तर तो इथेच उशीखाली वाजला. मी गाडी घेऊन दुकानाकडे निघालेय, तिथूनच दवाखान्यात जाऊ. चुकामूक झालीच, तर दुखण्याची एकही गोळी घेऊ नका. उशीखालच्या तुमच्या फोनवरून मला लगेच कळवा.

आणि दाराला आतून कडी लावू नका.