लाल पट्ट्याचा रोप

मिस्त्री, इतक्या उशिरा लिहितोय त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेलात त्याला वीसच्या वर वर्षं झाली. मधूनमधून वाटायचं की लिहावं, पण गेलेल्या माणसाला काय लिहायचं, आणि माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, साधा अर्जसुद्धा मी दुसऱ्याकडून लिहून घेतो. आता बसलोय, कारण येत्या मंगळवारी तालुक्याहून इंजिनियर आपण दोघांनी बांधलेला झुलता पूल बघायला येणार आहे आणि त्याच्यासमोर मी काय बोलायचं ते मला समजत नाही. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. त्या पुलाच्या रोपाची, तारांच्या त्या जाड दोराची, खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, तुम्हाला आणि मला.

मी आता मुलाकडे शिळफाट्याला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. काम काही नाही, तरी जीव थाऱ्यावर नसतो. गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघतो, दाराची कडी लावतो, काढतो, पुन्हा लावतो. सून म्हणते, "बाबा, बसा ओ घडीभर, तुमाला बघून माजं डोकं फिरतं." आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी हरिद्वार-ऋषिकेशची सहल काढली तेव्हा तिनेच माझं नाव घालून टाकलं. मला देवदर्शनाची तशी ओढ नव्हती. मी हो म्हटलं ते लक्ष्मणझुल्यासाठी. कारखान्यात, ट्रॉली ओढणाऱ्या विंचच्या खोलीत डबा खाताना तुम्ही त्याची गोष्ट काढायचात, की गंगेवर एक पूल आहे, नुसता तारांवर टांगलेला, पाण्यात एकही खांब नाही, आणि त्यावरून हजारो माणसं जातात. "एकदा हात लावून बघायचा हाय रं," म्हणायचात. तुमचं ते राहून गेलं. म्हटलं, आपण तरी लावू.

तर तो बंद निघाला. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेले, आणि पलीकडे पूल आपला उभा, दोन मनोरे, त्यांवरून खाली आलेले रोप, मधे माकडं बसलेली. आमची मंडळी फोटो काढून पुढे गेली. मी तिथल्याच एका चहाच्या टपरीवर बसलो. चहावाला माझ्याच वयाचा. माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे, तरी त्याने धीर धरून सगळं सांगितलं. फार पूर्वी तिथे तागाच्या दोरांचा झुला होता, लक्ष्मण नदी उतरला तो तिथेच असं लोक मानतात. मग कुणा शेठजीने यात्रेकरूंसाठी लोखंडी दोरांचा पूल बांधून दिला. तो गंगेच्या पुरात वाहून गेला. मग इंग्रजांच्या राज्यात आताचा हा झाला, आणि चहावाल्याचा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून लोक त्यावरून चालत आले. पुढे तपासणारे आले, म्हणाले, पूल थकला, आता माणसं सोडू नका.

मी विचारलं, "गिरा क्या?"

"गिरा कहाँ, बाबूजी? खड़ा है, देख लो. गिरा नहीं, इसीलिए तो सब बोलते हैं, खामखा बंद किया."

दुकानदारांनी पुष्कळ हातापाया पडून पाहिलं म्हणाला. रस्ता बंद झाला तसं गिऱ्हाईक फिरलं. ज्या साहेबाने बंद करा म्हणून लिहून दिलं त्याचं नाव काय, असं मी विचारलं. मला का ते विचारावंसं वाटलं, कुणास ठाऊक. तो हसला. "नाम कौन याद रखता है? गाली याद है, वो सुनाऊँ?"

तिथून खालच्या अंगाला दुसरा झुलता पूल आहे, आता सगळे त्यावरून जातात. मी चढलो, आणि मधे पोचल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. पिशवीतलं फडकं काढलं आणि बाजूच्या टांगत्या रोपाला वेढून वरपासून खालपर्यंत ओढलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. मागून गार्ड ओरडला, "ओ ताऊ, सफाई का ठेका मिला है क्या?" आमची मंडळी हसली. एक बाई म्हणाली, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला तेवढ्यात बरं वाटत होतं. फडकं कुठे अडकलं नव्हतं.

ते तुमचंच शिकवणं. कारखान्यातली ट्रॉली डोंगरावर ओढणारा तो रोप, दर सोमवारी सकाळी त्यावरून चिंधी फिरवायची. तुटलेल्या तारेचं टोक डोळ्याला दिसत नाही, पण चिंधीचा धागा तिथे अडकतो. जिथे अडकला तिथे खडूची खूण. वीतभर लांबीत खुणा वाढल्या की रोप बाद. बाद रोपावर तुम्ही स्वतः लाल रंगाचा पट्टा मारायचात, हात-हातभर अंतरावर, म्हणजे चुकूनसुद्धा तो कुणी पुन्हा चढवू नये. मी नवा होतो तेव्हा एका सोमवारी मी अर्ध्यातून खाली आलो. ऊन होतं, आणि रोप वरून चांगला दिसत होता. तुम्ही विचारता, "बघितला?" मी म्हणतो, "बघितला." तुम्ही माझ्या हातातली चिंधी घेता, उलटसुलट करता. तिच्यावर अर्ध्या रोपाचं ग्रीस आहे. तुम्ही ओरडत नाही. "बघितला म्हणू नको. हात लावला का, तेवडं सांग." आणि मला पुन्हा तळापासून सगळा रोप करायला लावता, आणि मी खाली येईपर्यंत स्वतः जेवत नाही. त्या दिवसापासून मी कामात खोटं बोललो नाही असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही, म्हणून तर हे पत्र.

तुम्हाला आठवत असेल, कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या त्या गावाची माणसं कारखान्याच्या गेटवर आली होती. पावसाळ्यात नदी चढली की त्यांचं गाव तुटायचं, आणि त्या वर्षी एक बाळंतीण अलीकडे आणता आली नव्हती. साहेब म्हणाला, भंगारातलं काय हवं ते न्या. भंगारात लाल पट्ट्याचा रोप पडला होता. दोन दिवस तुम्ही सुट्टी झाली की त्या ढिगापाशी जाऊन रोप चाचपत राहिलात. मग टोकं कापून टाकलीत, त्यातला त्यात बरा होता तेवढा रोप निवडलात, आणि आपण दोघांनी रॉकेलच्या बोळ्याने लाल रंग पुसून काढला. सगळा निघाला नाही. काठावरच्या खांबांपाशी, क्लॅम्पच्या खाली, थोडा अजून आहे. चार रविवार आपण तिथे राबलो. खांब, रोप, खाली साखळ्या, फळ्या. पूल झाला त्या दिवशी गावाने आपल्याला कोंबडं कापून जेवण घातलं, आणि तुम्ही जेवला नाहीत.

त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमच्या क्वार्टरवर बोलावलंत. काकी चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होत्या, सुकट परतली होती. त्या पाण्याला बाहेर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पाच पावसाळे. माणसांचं वजन ट्रॉलीइतकं नाय, म्हणून पाच. साव्याच्या आधी रोप बदलायचा. मी असलो तर मी, नायतर तू. आनि लोकांना आत्ता सांगू नको, घाबरून पुन्यांदा पाण्यात उतरतील." मी मान डोलावली. तिसऱ्या पावसाळ्यात तुम्ही छातीच्या दुखण्याने गेलात.

पाचवा सरला तेव्हा मी गेलो होतो मिस्त्री, अगदीच गेलो नाही असं नाही. पंचायतीत जाऊन म्हटलं, रोप बदलायला हवा. विचारलं, का, काय झालं? तिथे मी अडकलो. खरं सांगायचं तर तुमचं नाव येणार. त्यांनी पुलाच्या तोंडाशी तुमच्या नावाचा दगड बसवलाय. दर नारळीपौर्णिमेला नदीची पूजा झाली की एक नारळ त्या दगडावर फुटतो. मी म्हटलं, तसं काही नाही, जुना झाला एवढंच. ते म्हणाले, आता सिमेंटचा पूल मंजूर होणारच आहे, तोवर चालवून घेऊ. मी परत आलो. दुसऱ्या वर्षी चंदेरी रंगाचे दोन डबे नेऊन रोपाला रंग देऊन टाकला. लोक म्हणाले, नव्यासारखा दिसतो. सिमेंटचा पूल अजून मंजूर होतोच आहे.

आणि त्याच गावात माझी मुलगी दिली. पुलाच्या कामात ज्या घरी आपण पाणी प्यायचो, ते घर. माणसं चांगली, भात पिकवणारी, पोरीला जपणारी, नाही म्हणायला मला कारण नव्हतं. कारण होतं ते सांगता येत नव्हतं. लग्नाच्या दिवशी वरात पुलाच्या तोंडाशी आली तेव्हा मी पुढे आडवा उभा राहिलो आणि दहा-दहा माणसं सोडली. व्याही म्हणाले, "नवरीचा बाप तिकिटं फाडतोय काय?" सगळे हसले. वाजंत्रीवाल्यांना मी पुलावर वाजवू दिलं नाही.

गेल्या रविवारी मुलीने बोलावलं. कुठेतरी एक लोखंडी पूल पडला, त्यामुळे सगळीकडच्या जुन्या पुलांची तपासणी निघालीय. मुलगी, जावई आणि गावचे दोघे जण अलीकडच्या काठावर मला भेटायला आले होते. जावई म्हणाला, "मामा, तो साहेब इचारनार, रोप कवाचा, कुठून आनला. त्यो बांधनारं मानूस आता तुमीच एकटं हाव. तुमी फकस्त येवडंच बोला, का कंपनीचा नवा रोप होता. कागदावर तुमची सही घेनार नि जानार."

मी म्हटलं, "आणि त्याने बंद केला तर?"

"तर काय? दोन तासांचा वळसा. पाऊस तोंडावर हाय. आयेला दवाखान्यात कसं न्यायचं? दूध कसं घालायचं?"

गावच्या दोघांपैकी एक म्हणाला, "इतकी वरसं पडला नाय. आता काय पडतो?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमचं त्वांड असं का उतरलंय? खरंच नवा हुता ना?"

मी म्हटलं, मिस्त्रींनी बसवलेला रोप आहे. ती हसली, "मंग झालं की." तुमच्या नावावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास आहे.

तेव्हापासून मी जेवताना मधेच थांबतो. नवा होता म्हणालो, तर पूल चालू राहील, तुमचा दगड राहील, आणि ह्या पावसाळ्यात कधीतरी, भाताची लावणी आटोपून पंधरा-वीस बाया एकदम घरी निघतील. बाद रोप होता म्हणालो, तर मंगळवारीच पत्रे ठोकतील. मग व्याही विचारतील की इतकी वर्षं तुम्ही आम्हाला भंगारावरून चालवलंत? पोरीला त्या घरात राहायचं आहे. नारळ फोडणारे तो दगड उपटून टाकतील. आणि पूल पडला नाही, तर जन्मभर सगळे म्हणतील की म्हाताऱ्याने उगाच बंद करवला. त्या चहावाल्याच्या शिव्या मी विचारल्या नाहीत, पण मला अंदाज आहे. आजारी पडावं असंही मनात आलं. मंगळवारी ताप आला म्हणून सांगावं. पण मग जावई सही घ्यायला घरी येईल.

हे पत्र मुलाच्या जुन्या वहीत लिहितोय. पाकीट आणलेलं नाही, आणून त्यावर काय लिहिणार? काकीही गेल्या, क्वार्टर पाडून टाकलं. तुमच्याकडून मला दोनच शब्द हवे आहेत. सांग, किंवा नको सांगू. तुमचं नाव जाणार आहे, म्हणून तुमची परवानगी हवी, असं मी इथवर लिहीत आलो.

पण तुमच्यापुढे अर्धं काम करून खाली येता येत नाही, म्हणून राहिलेलंही लिहितो. चंदेरी रंग देण्याआधी मी त्या रोपावरून चिंधी फिरवली होती. अलीकडच्या खांबापासून मधल्या फळीपर्यंत पोचेस्तोवर तिच्या दशा-दशा झाल्या. मी खडू काढलाच नाही, सरळ डबा उघडला. आणि रंग वाळल्यापासून आजवर मी त्या पुलावर पाय ठेवलेला नाही. गुडघे धरतात म्हणून सांगतो, अलीकडे जांभळीखाली बसतो, आणि पलीकडे हाक मारतो. गेल्या रविवारीही तसंच. ते सगळे पलीकडून चालत मला भेटायला आले. पोर पुढे होती. माझ्यासाठी डब्यात वालाचं बिरडं घेऊन, एका हाताने रोप धरून, हसत येत होती, आणि ती ह्या काठाला लागेपर्यंत मी खाली मातीकडे बघत होतो.

मंगळवारला चार दिवस आहेत मिस्त्री. लवकर काहीतरी कळवा.