मंद्र तारेसाठी फोम

३ ऑग., रवि.
सकाळी सरसाचं अंग पुसणं, कपडे, इडली भरवणं. दहालाच माझी पाठ धरली. मग तिची रोजची कॅसेट: तिरुवैयारुच्या संगीत उत्सवात वाजवलेली तिचीच वीणा, पक्षाघाताच्या आधीची. ऐकता ऐकता डावा हात उचलून म्हणाली, "विहीर." आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणजे. दिवसाला दहा-बारा शब्द निघतात तिचे. त्यातला एक यावर गेला.

४ ऑग.
स्पीकरची पाठ उघडली. तीस वर्षांपूर्वी मीच बांधलेल्या ट्रान्स्मिशन लाईन पेट्या. आतल्या फोमचा काळा चिकट भुगा. इथली दमट हवा. स्पीकरच्या थरथरणाऱ्या कागदी कोनाच्या पाठचा आवाज पेटीतल्या वळणावळणाच्या लांब वाटेनं खालच्या तोंडातून निघतो. मधले स्वर फोमनं वाटेतच गिळायचे, मंद्र तेवढं सोडायचं. फोमच नाही, तर सगळंच घुमत बाहेर. एक पेटी खरवडली. दम लागला. दुसरी तशीच.

६ ऑग.
दुसरी खरवडून गादीवाल्याकडे. फोम तोंडाला लावून फुंकला, हवा जाईना. "सार, गादी फुंकून कोण घेतं?" दुसऱ्यातून फुंक आरपार गेली. आवाज असाच फोम गिळतो, तोच घेतला. शेजारीण स.जवळ बसली होती. परत आलो तर स.चे ओठ कोरडे. पाणी मागता आलं नाही तिला.
कंटाळलो. इथं मराठीत लिहितो, कारण स.ला तमिळच वाचता येतं.

९ ऑग.
काल फोम ठासून भरला होता. मंद्र गायब, वीणा की पत्र्याचा डबा! आज पुन्हा उघडलं. कोनाजवळ दाट ठेवला, तोंडाकडचा काढून टाकला. चेन्नईहून आमच्या मुलीचा फोन. "विडुंगप्पा, सोडा ते, नवा स्पीकर पाठवते." बरं म्हटलं. वाद घालायला जीव नाही.

१० ऑग., रवि.
जमलं. मंद्र तार स्वच्छ, भरीव. नखी तारेला लागते तेही ऐकू येतं. मधेच वाजवतानाचा तिचा श्वास. खुशीत तिच्याकडे वळलो. ती मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होती. बोट हलवायला बघत होती काय... हललं नाही.
"पुरे."
बंद केलं. आठवडाभर राबून मी हे तिला ऐकवलं. घुमत होतं तेव्हा निदान रोज ऐकत तरी होती.

१२ ऑग.
दोन दिवस कॅसेट नाही. पाठच्या फळ्यांना अजून स्क्रू लावले नाहीत.
दुपारी विचारलं, "फोम काढू काय? पहिल्यासारखं होईल."
मान हलवली. नको.
"मग कॅसेट लावू? ऐकतेस?"
पाठीवर टेकवलेल्या माझ्या हाताकडे बघितलं.
"उद्या."
तिला ऐकायचंय म्हणून म्हणाली, की मी दमलोय हे दिसलं म्हणून, कळलं नाही.