सोनूबाईची भाकर

अंबड, १९९४

संपतदादा,

मावशी वारल्यावर तू आमच्याकडं राह्यला आल्तास. एकदा भांडणात मी तुला सगळ्यांसमोर 'सोनूबाईची भाकर' म्हणाले. आपल्याकडं घरात नको झालेल्या जादा माणसाला तसंच म्हणतात. तू भरल्या ताटावरून उठलास अन् दुसऱ्या दिवशी अंकुशनगरला कारखान्यात निघून गेलास. त्याला बारा वर्षं झाली.

परवा शाळेतल्या पोरींनी विचारलं, "बाई, ही सोनूबाई कोण?" ती शहागडची, एवढंच मला ठाऊक होतं. मंग शहागडला जाऊन तिच्या नातसुनेला, द्वारकाबाईला गाठलं. ती म्हणाली, "गोदावरीवर पूल न्हवता. शेवटच्या नावेनं कुणी उपाशी यील म्हणून आजेसासूबाई रोज एक भाकर जास्तीची थापायच्या. ती कुणी खाल्ल्याबिगर सोता घास घेत न्हवत्या."

दादा, तू गेलास त्या दिवशी आई जेवली न्हवती. मला वाटलं, माझ्यावर रुसलीय.

हे पत्र मी टाकणार न्हाई. अंकुशनगर काही लांब न्हाई, रविवारी मीच येते. डब्यात एक भाकर जास्तीची असंल. ती तू खाल्लीस, तरच मी जेवीन.

तुझी,
तोंडाळ पुष्पी