फर्नूशच्या तारा

प्रिय फर्नूश,

फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. मामान उद्या तबरीझला तुझ्याकडे निघतेय, तिच्या हाती हे पत्र देईन. काल ती वॉर्डात डाळिंबाचा रस घेऊन आली आणि शेजारच्या पेशंटच्या बायकोजवळ तुझी तक्रार करत बसली. "माझी मुलगी कोमट मिठाच्या पाण्यात तारा बुडवून बसते. वर्षं झाली, अजून शिजल्या नाहीत." बाई हसली, तशी मामानचा सूर बदलला. "केसाहून बारीक तार असते. टोक तेवढं उघडं, बाकी अंगभर लेप. त्या लेपाला सुईएवढं भोक पडलं ना, तर मेंदूतला सगळाच गलका ऐकू येतो. नेमकं कोण ओरडतंय ते कळत नाही." मी ऐकतच राहिलो. तुझ्यासमोर ती हे कधी बोलायची नाही.

तुझा पहिला लेप पाण्यात कांद्याच्या सालीसारखा सुटला, त्या नवरोजला तू घरी येऊन धड जेवलीही नाहीस. बाबा म्हणाले, "सोड ना, परदेशी तारा मिळतात की." तू म्हणालीस, "कधी मिळतात, कधी वर्षभर मिळत नाहीत. तोवर पेशंटनं काय करायचं, बाबा?" आणि सुट्टी अर्धी टाकून परत गेलीस. पुढे वाफेतून थर बसवायची रीत तुला साधली, डॉक्टर अश्तियानींनी इथल्या पेशंटना तुझ्या तारा वापरल्या, तेव्हा गल्लीत मिठाई मी वाटली.

माझ्या फिट्स औषधांना दाद देईनात, आता डोक्यात तारा घालूनच त्यांचं मूळ शोधायचं ठरलं. तेव्हा तू डॉक्टरांना म्हणालीस, "माझ्या भावाला परदेशी तारा घाला. माझ्या नकोत." त्यांनी ते मला सांगितलं. मी विचारलं, "तिच्या तारा कच्च्या आहेत का?" ते म्हणाले, "तारा पक्क्या आहेत. बहीण घाबरलीय."

तारा बसवल्या हे तुला ठाऊक आहे. कोणाच्या, ते नाही. मी तुझ्याच मागून घेतल्या. आज सकाळी फिट आली. शुद्धीवर आलो तर डॉक्टर मेंदूच्या रेषा उमटतात त्या पडद्यापुढे उभे होते. म्हणाले, "रेषा इतक्या स्वच्छ आहेत की फिटची सुरुवात कुठे होते ते बोट ठेवून दाखवतो." जागा लहान आहे, काढता येईल. पुढच्या आठवड्यात तारा काढतील, तेव्हा तू इथे हवीस. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. वॉर्डात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तारा बनवणारी येतेय.

तुझाच भाऊ,
सियामक