पाचशे दोनची पाळी

२ जून २००४, बुधवार

नोकरी पक्की झाली. तलाव संघाचे सचिव लटारूभाऊ यांनी सकाळी दहाला सही करून तसं सांगितलं. ब्रह्मपुरीहून जीपने पाऊण तास लागतो. कार्यालय तलावाच्या बांधाला लागून आहे. खिडकीतून पाणी दिसतं, शिंगाड्याचे वेल दिसतात. ही जागा कॉलेजातल्या मित्राने, स्वप्निलने मिळवून दिली. तो इथला ऑपरेटर होता, आता नागपूरला गेला. जाताना माझ्यासाठी खुर्चीवर उशी आणि पासवर्डांची चिठ्ठी ठेवून गेलाय. असा मित्र हवा.

३ जून

सर्व्हरवर रेड हॅट नऊ ही सिस्टीम आहे. तिचे अपडेट एप्रिलअखेर बंद झाले, म्हणून तिच्याच घडणीची सेंटओएस घालायची. सीडी बरोबर आणल्यात, बॅकअप घेतला. लटारूभाऊंना समजावलं की नाव बदलेल, आतलं काम तेच राहील. ते म्हणाले, "म्हंजे मांडव तोच, नवरदेव दुसरा." मी हसलो. कारकून रंजीताबाई हसल्या नाहीत.

४ जून

नवी सिस्टीम बसली. स्वप्निलचा फोन आला होता: आधी माझं नाव काढ, मग तुझं टाक. तसंच केलं. संघाच्या सभासद-वहीतले नंबरच मशीनवर आहेत. लटारूभाऊ ५००, रंजीताबाई ५०१, स्वप्निल शेवटचा, ५०२. त्याला काढताच तो नंबर मला मिळाला. मशीन फाइलीचा मालक नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखते. त्यामुळे बॅकअप परत टाकला तेव्हा स्वप्निलच्या सगळ्या फाइली माझ्या झाल्या. नवशिक्याची चूक, आधी तपासायला हवं होतं. लटारूभाऊंनी लगेच वहीतही शाईने माझं नाव घातलं. नंबर खाली नाई ठेवत आमी, म्हणाले.

५ जून

त्यातली एक फाइल उघडली. नाव 'पाळी'. आत चार ओळी.

उमाजी, ७ जून २००१.
सुकलू, ७ जून २००२.
पत्रू, ७ जून २००३.
प्रणित, ७ जून २००४.

चौथी ओळ, माझ्या नावाची, मी लिहिलेली नाही. पण फाइलीचा मालक मीच.

रंजीताबाईंना विचारलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, मृग लागला की वहीतला शेवटचा नंबर तुडुमात उतरतो. तुडुम म्हणजे पाणी सोडायची मोरी. गाळ काढायला. तिघेही वर आले नाहीत. "तुमाले स्वप्निलनं सांगतलं नाई काय?"

६ जून

माझा नंबर बदलून ५१० केला. मशीन पुन्हा सुरू केली. ५०२. तीनदा केलं.

सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. त्यात ओला गाळ. माशांचा वास.

दुपारी गाव सोडायला जीपवर गेलो. ड्रायव्हरने नंबर विचारला, नाव नाही. सांगितला. जागा नाई म्हणाला. जीप अर्धी रिकामी होती.

स्वप्निलला फोन. त्याने एवढंच विचारलं: माझं नाव काढलंस ना? मग ठेवून दिला.

माझं नाव काढायचं असेल तर त्या जागी दुसरं हवं. वरोऱ्याला चुलतभाऊ आहे, निकेश; स्वप्निलला तोही ओळखतो. त्याला फोन केला. नोकरी आहे म्हणालो. उद्या नऊपर्यंत पोचतो म्हणाला. फार खूश होता. आईला सांगतो म्हणाला.

उशी झटकून खुर्चीवर ठेवली.

७ जून

नऊची जीप आली. निकेश नाही.

रंजीताबाईंनी त्याचा निरोप दिला. काल त्याने स्वप्निलला फोन करून विचारलं, नोकरी कशी आहे. स्वप्निलने सगळं सांगितलं. त्याला सांगितलं. मला —

निकेशने विचारलंय, दादा, तू मले काऊन बोलावलं.

कीबोर्डच्या फटींतून पाणी येतंय. गढूळ. पुसलं तरी —

आत्ता कोण लॉगिन आहे ते मशीनला विचारलं. उमाजी. सुकलू. पत्रू. तिघांचाही नंबर —

बांधावर माणसं जमलीत. लटारूभाऊंनी नवा दोर आणलाय. ते म्हणतात पाणी उतरलंय, दहाला तुडुम उघडायचं. दहाला चार मिनिटं कमी. हाक मारताहेत. नावाने नाही. खिडकीतून नाही, मशीनच्या आतून — पाचशे दोन — आता मला